इंजिन तापलंच असलं पाहिजे

२००८च्या फेब्रुवारीतला तो रविवार अगदी साधा होता. महादेवी सकाळच्या बसनं कोल्हापूरहून गडमुडशिंगीला आली, आईच्या हातची भाकरी-आमटी जेवली आणि वडिलांना त्यांच्याच गाडीबद्दल आपण लिहिलेलं चार पानी टिपण वाचून दाखवायला बसली. ती कॉलेजात ग्रंथपाल होती. जगातल्या प्रत्येक अडचणीवर कुठंतरी पुस्तक असतंच आणि पुस्तक सापडलं की अडचण सुटली, असं ती धरून चालायची. हात काळे करायचं किरकोळ काम दुसऱ्यांकडे.

गाडी म्हणजे एटीव्ही. चार जाडजूड चाकं आणि वर मोटारसायकलचं सीट नि हँडल. शिरोली एमआयडीसीतल्या ज्या फाउंड्रीत तिच्या वडिलांनी, सिद्धराम मिस्त्रींनी, तीस वर्षं भट्टी सांभाळली, तिथल्या मालकानं ती हौसेनं घेतली होती आणि वर्षभरात कंटाळून शेडमध्ये टाकली होती. मिस्त्री निवृत्त झाले, गुडघे गेले, तेव्हा मालकानं ती त्यांनाच देऊन टाकली. गावानं तिचं नाव खेकडा ठेवलं. मिस्त्री रोज खेकड्यावरून मळ्यात जायचे आणि मागच्या कॅरिअरवर वैरणीचा भारा बांधून परत यायचे.

जाताना काही नसायचं. येताना मात्र इंजिन तापल्याचा लाल दिवा लागायचा. असं महिनाभर चाललं होतं. ओझं वाढलं की इंजिन तापतं, असं अनुमान महादेवीनं टिपणाच्या दुसऱ्या पानावर काढलं होतं आणि त्याखाली रेघही मारली होती.

"आण्णा, दिवा लागतो आणि तुम्ही तशीच दामटता?"

"इंजनाजवळ हात धरून बघतोय की. गरम न्हाय."

"हाताला डिग्री कळते का?"

"तीस वर्षं रसाचा रंग बघून भट्टी खाली केली. तवा कुणी डिग्री इचारली न्हाई."

"ते लोखंड होतं. हे इंजिन आहे. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय."

पुस्तक गाडीबरोबर परदेशातून आलेलं होतं आणि त्याचं इंग्रजी कुणीतरी शब्दकोश मांडीवर घेऊन रचलेलं होतं. 'इंजिन संतापल्यास स्वाराने नम्रपणे उतरावे' अशा अर्थाचं एक वाक्य त्यात होतं. महादेवीनं ते दोनदा वाचून दाखवलं.

"दिवा लागला की गाडी बंद करायची, उतरायचं आणि घरी चालत यायचं. वचन द्या."

"आगं, चालत यायचं तर गाडी कशाला?"

"आण्णा."

"बरं बाई. तू शिकलेली. उतरतो."

अव्वा, म्हणजे तिची आई, तेव्हा मठात गेली होती. ती घरात असती तर नवऱ्याच्या गुडघ्यांवरून तिनं लेकीला चांगलं झापलं असतं. पण ती नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच आण्णा वादात हरले, या आनंदात महादेवी संध्याकाळी बसमध्ये उभ्यानं कोल्हापूरला परतली.

सोमवारी सकाळी मिस्त्री मळ्याच्या वाटेवर पडलेले सापडले, घरापासून अर्ध्या मैलावर. खेकडा पार मागं, मळ्याजवळच्या बाभळीखाली नीट उभा होता. भारा तसाच बांधलेला, किल्ली मिस्त्रींच्या खिशात. छातीत कळ येऊन तिथंच गेले होते. डॉक्टर म्हणाले, बसल्या जागीही झालं असतं. डॉक्टर असं म्हणतातच.

त्यानंतर महिनाभर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला अव्वा एकच गोष्ट विचारायची. "गुडघं धड न्हाईत, गाडी हुबी, पेट्रोल भरल्यालं. मग ह्यो माणूस चालत का आला वो?"

येणारे मान हलवायचे. महादेवी पाण्याचे तांबे पुढं करत म्हणायची, "इंजिन तापलं असेल, अव्वा." यात खोटं काही नव्हतं. निदान तसं सिद्ध झालेलं नव्हतं. वचनाबद्दल तिनं कुणालाच सांगितलं नाही.

शेवटी एका शनिवारी तिनं खेकडा टेम्पोत चढवला आणि शिरोली फाट्यावरच्या केरबा मेकॅनिकच्या गॅरेजला नेला. गाडी दुरुस्त होण्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. इंजिन खरंच तापतं, एवढं कुणा जाणकारानं सांगावं, म्हणजे तिचं सांगणं बरोबर ठरेल. आणि तापत नसेल तर? टिपणात त्यासाठी जागा ठेवलेली नव्हती.

केरबानं रेडिएटरचं झाकण काढलं. "पाणी काठोकाठ हाय."

"कुठंतरी गळत असेल."

"गळल्यावर काठोकाठ कसं ऱ्हाईल, ताई?"

मग त्यानं पंखा सरळ बॅटरीला जोडून बघितला. पंखा गरगर फिरला. महादेवीचा चेहरा पडला.

"थर्मोस्टॅट अडकला असेल," ती म्हणाली. तापल्यावर उघडून पाण्याला वाट देणाऱ्या झडपेचा हा शब्द तिला गुरुवारी समजला होता.

केरबानं तिच्याकडं आदरानं बघितलं, थर्मोस्टॅट काढला आणि चहाच्या पातेल्यात पाणी उकळून त्यात सोडला. "उघडला बघा, कमळावाणी."

महादेवीला कमळ नको होतं. "मग हेड गॅस्केट गेलं असेल?" तिनं आशेनं विचारलं.

"ताई, गाडी चांगली निघाली की लोक हितं पेढं वाटत्यात. तुम्ही तिचं वाईट चिंतताय व्हय?"

सगळं परत बसवून, पाणी भरून त्यानं इंजिन वीस मिनिटं चालू ठेवलं. दिवा लागला नाही. तिला वर बसवलं, तरी नाही.

"मिस्त्री चालवताना कवा लागायचा?"

"भारा बांधून येताना."

केरबानं कोपऱ्यातला जुना गिअरबॉक्स उचलून कॅरिअरवर ठेवला. "आता बसा."

ती बसली. दिवा लागला.

"उतरा." विझला. "बसा." लागला. शेजारचा पंक्चरवाला पाना घेऊन बघायला आला. त्याच्यामागून रसवंतीवाला.

"एकट्या ताई पुरत न्हाईत," केरबानं त्यांना समजावलं. "गिअरबॉक्स पण लागतो."

"वजन कमी हाय पावण्यांचं," रसवंतीवाला म्हणाला. "रस पाठवू का मोठा गिलास?"

हजारभर पुस्तकं वाचलेली ही बाई इरकली साडीचा काठ सावरत सात वेळा चढली नि सात वेळा उतरली. सातव्यांदा वर चढताना तिच्या अनुमानाला पुन्हा जीव आला. ओझं वाढलं की दिवा लागतो, हे तर तिनं लिहिलंच होतं!

केरबानं इंजिनावरच्या सेन्सरची वायर उपटून बाजूला धरली. "हा बारका सेन्सर इंजनाचा ताप दिव्याला कळवतो. त्याची वायर काढली. आता इंजन पेटलं तरी दिव्याला कळायचं न्हाई. बसा."

ती बसली. दिवा लागला.

केरबा सीट काढून खाली वाकला आणि दिव्याकडं जाणारी, बोटभर उघडी पडलेली तांब्याची तार दाखवली. "घासून घासून सोललीय. वजन पडलं की गाडी दबतीय, तार गाडीच्या लोखंडी सांगाड्याला टेकतीय, दिवा लागतोय. इंजन कधी तापलंच न्हाई. मिस्त्री तर भट्टीवरचा माणूस. नुसता जवळ हात धरला असता तरी त्यास्नी कळलं असतं."

"धरला होता," महादेवी म्हणाली.

केरबा टेप गुंडाळण्यात गुंतला होता. त्यानं ऐकलं असेल किंवा नसेल.

दुपारी टेम्पो घरी पोचला तेव्हा अव्वा सोप्यात हरभरे सोलत बसली होती. समोर जयसिंगपूरहून आलेली तिची चुलत बहीण. वाटेत महादेवीनं तीन वाक्यं जुळवली होती आणि तिन्हीत 'विद्युत दोष' हा शब्द होता. त्या शब्दात कुणी माणूसच नव्हता, म्हणून तो तिला फार आवडला होता.

"काय म्हणाला केरबा?" अव्वानं विचारलं. "तापत हुतं न्हवं इंजन? तू म्हणत हुतीस तसंच?" मग बहिणीकडं वळून म्हणाली, "पोरीनं आधीच वळखलं हुतं बघ. लई वाचती."

हो म्हटलं असतं तर भागलं असतं. पुढं कुणी काही विचारणारही नव्हतं. महादेवी खाली बसली. तिनं चार घाटे उचलले आणि न सोलता परत सुपात टाकले.

"नाही, अव्वा. इंजिन कधीच तापलं नव्हतं. तू मठात गेली होतीस ना, तेव्हा मी आण्णांकडून वचन घेतलं, दिवा लागला की उतरून चालत यायचं. ते सांगत होते, जवळ हात धरून बघितलंय, गरम नाही. मी ऐकलं नाही. ते चालत आले, कारण मी सांगितलं होतं."