नळूबाईचा पीळ

मित्रांनो, जरा डोळे मिटून एक घर मनात आणा. त्यात ओटा आहे, झोपायला फळ्या आहेत, खिडक्यांना पडदे आहेत आणि खाली चक्क चाके आहेत. आज ते तळ्याकाठी, तर उद्या डोंगराच्या पायथ्याशी. अशा घरगाडीत सगळे भरून नेता येते, पण पाणी दोन दिवसांत संपते. मग नळ शोधायचा, त्याचे पाणी पिण्याचे आहे का ते विचारायचे, आणि ते गाडीच्या टाकीपर्यंत आणायचे. ते आणणारी मी. मी एक जुनी रबरी नळी आहे.

कारखान्यातून आले तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. दोन्ही तोंडांना पितळी नट होते आणि माझी जागा पुढच्या कप्प्यात, घडीच्या खुर्च्यांशेजारी होती. घरातली धाकटी मुलगी एका जागी ठरत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. टाकी भरायच्या आधी ती माझ्या तोंडाशी ओंजळ धरून पाणी प्यायची आणि म्हणायची, "नळूबाईचं पाणी गोड आहे." हे नाव तिनेच ठेवले. ते ऐकले की मी फुगून जात असे.

आजी बाबांना नेहमी सांगायची, "अरे, तिला रिकामी करून ठेव. पाणी साचून कुजेल." पण नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे! एका उन्हाळ्यात बाबांनी मला पाण्यासकट गुंडाळून गाडीच्या टपावर ठेवले आणि विसरले. महिन्याने पाणी भरले, तेव्हा आजीने पहिलाच घोट थुंकला. "वास मारतोय रे याला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी निळी आली.

निळी लवचीक, निळी चकचकीत. तिला पुढचा कप्पा मिळाला. बाबा तिला प्रत्येक वेळी उभी धरून रिकामी करत आणि तिची दोन्ही तोंडे एकमेकांना जोडून ठेवत, म्हणजे आत धूळ नको. जी काळजी माझी घ्यायची, ती तिची घेतली! माझ्या गळ्याला त्यांनी लाल चिकटपट्टी गुंडाळली आणि मला मागच्या कप्प्यात टाकले. माझे काम आता संडासाची टाकी धुण्याचे होते. लाल पट्टीवालीला हात लावायचा नाही, असे भिंगरीला बजावले गेले.

मित्रांनो, मला फार पोटात दुखले. पलीकडून निळीत पाणी खळखळताना ऐकू आले की माझा जळफळाट होई. पडल्या पडल्या माझ्या अंगात एक पीळ बसला आणि मनातही बसला. मग मी एक वाईट गोष्ट केली. कप्प्यात एक लोखंडी आकडा होता. रस्त्यावर गाडी हिंदकळली की मी गळा त्यावर घासायचे. तीन वर्षे घासले. शेवटी पट्टी सुटली आणि कुठेतरी पडली.

त्यानंतरच्या सहलीला भिंगरीचा मामा सोबत आला. नव्या मुक्कामावर पोचलो तेव्हा टाकीत थेंब नव्हता. आजी आत कोरड्या घशाने बसली होती. बाबा नाव नोंदवायला कचेरीत गेले होते. नळ समोरच होता आणि त्यावर 'पिण्याचे पाणी' अशी पाटी होती. नव्हती ती निळी.

"मामा, निळी नळी कुठंय?" भिंगरीने विचारले.

"बसली असेल मागच्या मुक्कामी नळाला लटकून. तुझा बाप डोकं विसरला नाही हेच नशीब. थांब, मागच्या कप्प्यात बघतो."

मामाने मला बाहेर ओढले. माझा नट मळ धरून घट्ट बसला होता. त्याने तो दातांनी सैल केला आणि मला नळाला जोडले.

"तिला लाल पट्टी आहे का? लाल पट्टीवाली घ्यायची नाही," भिंगरी म्हणाली.

"कुठंय पट्टी? बघ की."

भिंगरीने मला नीट पाहिले आणि तिचा चेहरा उजळला. "अय्या, ही तर नळूबाई! मामा, आधी मी पिणार. सोड नळ."

ती उकिडवी बसली आणि माझ्या तोंडाशी ओंजळ धरली. अगदी पूर्वीसारखी. याच ओंजळीसाठी मी तीन वर्षे जळत होते. निळीची जिरली होती, मी जिंकले होते.

नळ सुटला. पाणी माझ्यात शिरले, आणि माझ्या आत काय काय चिकटले आहे ते मला आठवले. ते थेट त्या ओंजळीत जाणार होते.

मला ओरडता येत नाही. मला फक्त वळता येते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझ्या अंगातला पीळ मी जीव खाऊन आवळला. पाणी मध्येच अडले. ओंजळीत फक्त दोन थेंब पडले.

"आता ही कुठं अडली?" म्हणत मामा मला चाचपू लागला. तोवर भिंगरीने थेंबांचा वास घेतला. तिने नाक मुरडले. मग तिने माझ्या गळ्यावरून बोट फिरवले. बोटाला लाल डिंक लागला.

"मामा, नळ बंद कर. ही संडासाची आहे."

मामाने साप टाकावा तसे मला टाकले. "आणि मी दात लावले गं हिला," तो बारीक आवाजात म्हणाला, आणि नळाखाली चुळा भरत बसला.

"पाणी आलं का रे?" आजीने खिडकीतून विचारले.

"येतंय आजी, पातेल्यातून येतंय!"

निळी दुसऱ्या दिवशी मागच्या मुक्कामी, नळालाच लटकलेली सापडली. तिला पाहून मला अजूनही पोटात दुखते, खोटे कशाला सांगू? पण मित्रांनो, वस्तू वापरून झाली की तेव्हाच रिकामी करा, पुसा, जागेवर ठेवा. महिन्याने केलेली काळजी दुसरीच्या वाट्याला जाते.

त्या दिवशीचे एक सांगायचे राहिले. मामा पातेली वाहत होता, तेव्हा भिंगरी माझ्यापाशी येऊन बसली. तिने आपल्या एका वेणीची लाल रिबीन सोडली, माझ्या गळ्याभोवती गुंडाळली आणि दोन गाठी मारल्या. "नळूबाई, ही सोडायची नाही हं," ती म्हणाली. मग हात स्वच्छ धुऊन, एक वेणी सुटलेली तशीच, ती आजीला पाण्याचा पेला द्यायला पळाली.