पडलेला बॅटन

मी बोलतोय, रिले शर्यतीतला बॅटन. अ‍ॅल्युमिनियमची पोकळ नळी, वीतभराहून थोडी लांब. एके काळी निळा होतो. पोरींच्या घामानं रंग पार उडालाय.

आमच्याकडे नोव्हेंबरपासून बर्फ पडतं, म्हणून पोरी छताखालीच पळायच्या. दोनशे मीटरचा गोल, चौघी जणी, प्रत्येकीच्या चार फेऱ्या, आणि चौघींत मी एकटा. मला कुणी लाडानं धरत नाही, जिवाच्या आकांतानं धरतात. मला तेच आवडायचं.

टेस वुलेट तिसरी पळायची, होदान शेवटची. शर्यतीआधी टेस मला दुर्बिणीसारखा डोळ्याला लावायची. त्याशिवाय ती ट्रॅकवर पाऊलच ठेवायची नाही.

"काय दिसतंय?" डोक्यावरचा रुमाल घट्ट करत होदान विचारायची.

"तुझं नाक. तुझ्याआधी तेच पोचणार बघ."

चार वर्षं हाच विनोद, आणि दोघी दर वेळी तितक्याच हसायच्या.

राज्याची ती स्पर्धा दोघींची शेवटची. पुढच्या गुरुवारी होदानचं बिऱ्हाड मिनियापोलिसला मामाकडे हलणार होतं. एकदा तरी जिंकून निरोप घ्यायचा, एवढंच त्यांच्या मनात होतं.

टेस सगळ्यांच्या पुढे होती. होदान चार पावलांवर हात पसरून उभी. तेवढ्यात मागच्या मुलीचा पाय टेसच्या टाचेत अडकला. ती तोंडावर आपटली आणि मी घरंगळत होदानच्या पायाशी गेलो.

आमच्यात नियम आहे: ज्याच्या हातून पडला, त्यानंच उचलायचा. होदानला तो तोंडपाठ होता. पण तिला टेसच्या गुडघ्याचं रक्त दिसलं, आणि काही सुचायच्या आत तिनं मला उचललं.

"अगं, सोड त्याला, मला उचलू दे," टेस ओरडली. त्या गलक्यात ते फक्त मला ऐकू आलं. पंचानं नियम मोडल्याचा पिवळा झेंडा वर केला, तोही होदानच्या पाठीमागे.

ती काय पळाली म्हणून सांगू. चारही फेऱ्या मला ठाऊक होतं, की हे सगळं फुकट चाललंय. तिच्या मुठीत मी नुसता रडत होतो. ती पहिली आली, मला उंचावून हसत टेसकडे वळली. टेस तिच्याकडे बघतसुद्धा नव्हती. आमचा संघ बाद झाला होता.

परतताना बसमध्ये होदानच्या आईनं दिलेला सांबूसांचा, म्हणजे त्यांच्याकडच्या समोशांचा, डबा कुणी उघडला नाही.

"तू पडली होतीस. मी काय नुसती बघत राहू?"

"हो. नुसतं उभं राहायचं होतं. तेवढंही जमलं नाही तुला."

टेस पुढच्या सीटवर जाऊन बसली. होदाननं वहीचं पान फाडून काहीतरी लिहिलं, त्याची सुरळी माझ्या पोटात सरकवली आणि मला टेसच्या पिशवीत ठेवलं. टेस मला डोळ्याला लावणारच, अशी तिची खात्री होती.

दुसऱ्या दिवशी टेसनं मला न बघताच शाळेच्या खोक्यात भिरकावलं. गुरुवार आला आणि गेला.

याला वीस वर्षं होत आली. वर पोरींच्या छातीवरच्या जुन्या नंबरांच्या चिंध्या, खाली मी. सुरळी अजून पोटात आहे. तिच्यावर मामाच्या घरचा फोन नंबर आहे आणि एक ओळ: 'तू परत पडलीस, तर मी परत उचलेन.'

टेस, मला इथून दुसऱ्या कुणी काढून चालणार नाही गं. मी तुझ्या हातून पडलोय.