गोलवरची स्काइद्रीते

तालिवाल्दिस स्टिर्ना फुटबॉलच्या बचावफळीत खेळायचा, तेव्हा लोक ओरडायचे, "आडनाव हरणाचं आणि चाल बैलाची!" पण हा बैल एकदा वाटेत उभा राहिला की भल्याभल्यांना पुढे सरकता येत नसे. बंदरावरच्या क्लबातून तो चौदा वर्षं खेळला, लाटवियाच्या संघातूनही नऊ सामने खेळला. मग गुडघ्याने दगा दिला. ऐन मोसमात एका सकाळी तो मैदानावर गेला, तर कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर नवी यादी लावलेली आणि तीत त्याचं नाव नाही. कोणी चकार शब्द काढला नाही. त्याने बूट पिशवीत घातले आणि बस पकडली.

कुल्डीगाला, आपल्या गावी, तो दारं-खिडक्यांच्या कारखान्यात लागला. सहा वर्षं चेंडूला पाय लावला नाही. अशात एका रविवारी बायकोची, गुंदेगाची, मैत्रीण स्काइद्रीते घरी येऊन ठाण मांडून बसली. ती बेकरीत राईचे पाव भाजायची आणि गावातल्या बायकांच्या संघात गोल सांभाळायची.

"तालिस, आम्हाला कोच पाहिजे."

"मी बायकांना काय शिकवणार?"

"आधी ये तर खरा! कोण कोणाला शिकवतं ते मग बघू."

तो गेला आणि तिथलाच झाला. परिचारिका, शिक्षिका, पोस्टातल्या बायका. कामावरून दमून यायच्या आणि हसत धावायच्या. सातव्या वर्षी संघ वरच्या गटाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपला. शेवटच्या सामन्यात बरोबरी साधली तरी पुरे होती.

घोडं अडलं ते स्काइद्रीतेपाशी. ती त्रेचाळिशीची, डावा खांदा धरलेला. गेल्या तिन्ही सामन्यांत गोल झाले ते तिच्या डाव्या हाताला, जमिनीलगत. राखीव गोलकीपर लाउमा मात्र चोवीस वर्षांची, मांजरासारखी चपळ.

"फोन करून सांगून टाक," गुंदेगा म्हणाली. "किती दिवस असा तोंड पाडून फिरणार आहेस?"

"फोनवर नाही. आणि यादी लावून तर मुळीच नाही."

शुक्रवारी सकाळी सातला तो बेकरीच्या मागच्या दाराने आत शिरला. स्काइद्रीते भट्टीतून पाव काढत होती. कोपरापर्यंत पीठ.

"पाव पुढच्या दुकानात मिळतात," ती वळूनही न बघता म्हणाली.

"स्काइद्रीते, उद्या गोलवर लाउमा उभी राहील."

तिने हातातला पाव फळीवर ठेवला. मग दुसरा ठेवला. तिसरा जरा आपटलाच.

"हा संघ मी उभा केला, तालिस. तुला घरातून ओढून आणलं तेही मीच."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय... खांदा तुझा, डोळे माझे. तू डावीकडे पडायला घाबरतेस."

ती पुन्हा भट्टीकडे वळली. तालिस तिथेच उभा राहिला, जायचं नाव घेईना. शेवटी तिने एप्रनला हात पुसले, बाकावर बसली आणि डोळे टिपले. गालावर पीठ लागलं.

"शर्ट घालताना पण दुखतो रे मेला," ती म्हणाली. "मीच सांगणार होते. जीभच उचलेना."

"मला तरी कुठे सोपं गेलं? तीन रात्री झोप नाही."

"बरं झालं! भोग आता." ती हसली. मग आवाज बदलून म्हणाली, "ती पोरगी उंच चेंडूला भिते. सांगितलं का तिला कोणी?"

"तू सांग. आजपासून गोलकीपरांची कोच तू."

"फुकटात?"

"मला तरी कोण काय देतं?"

शनिवारी ऊन होतं, वेंटा नदीवरून गार वारा येत होता. दहाव्या मिनिटाला एक साधा उंच चेंडू लाउमाच्या हातांतून निसटून जाळ्यात गेला. अख्ख्या मैदानाने तालिसकडे पाहिलं. एक म्हातारा तर त्याच्या कानाशी येऊन म्हणाला, "बघ, अजून बदलता येईल." तालिस जागचा हलला नाही. गोलच्या मागे उभी असलेली स्काइद्रीते मात्र जाळ्याला तोंड लावून ओरडली, "लाउमा! मी पहिल्या सामन्यात सहा सोडले होते. तुझे अजून पाच बाकी आहेत, घाई करू नकोस!"

लाउमाला हसू फुटलं. त्यानंतर तिने एकही सोडला नाही. सत्तराव्या मिनिटाला पोस्टातल्या इंगूनाने डोक्याने बरोबरी साधली आणि तेवढ्यावर सामना संपला.

संध्याकाळी क्लबाच्या खोलीत मोठ्या पातेल्यात खारवलेल्या मांसाबरोबर परतलेले करडे वाटाणे होते, आंबट ताकासारखं केफिर होतं आणि गोंगाट तर कान किटवणारा. तालिस गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून कोपऱ्यात बसला होता. सामन्यात इतका वेळ उभं राहणं त्याला आता झेपत नसे. गुंदेगा बशी घेऊन शेजारी येऊन बसली.

"खेळत होतास, तेव्हा जिंकूनसुद्धा इतका खूश दिसायचा नाहीस," ती म्हणाली.

"तेव्हा वाटाणे इतके चांगले नसायचे," तो म्हणाला, आणि तिच्या बशीत चमचा घातला.