रुमालावरचं ढेकूळ

आमच्या गावात शहादेवाचं नाव काढलं की दोन तट पडतात. एक म्हणतो फितूर, दुसरा म्हणतो गावाचा वाली. दुसरा तट लई उशिरा झाला, अन् त्यातली निम्मी माणसं तवा पाळण्यात बी नव्हती. मी छबुबाई, धोंडीरामाची बायको. त्या तळ्याच्या पाळीवर मी माती वाहिली हाय, तवा मला दोन्हीकडचं ठावं हाय. मला बाजू इचारू नका. ऐकायचं असंल तर बसा, नसंल तर वडवणीचा बाजार भरलाय, तिकडं जा.

मानमोडीच्या तापाच्या साथीनं घरोघरची माणसं नेली, अन् तिच्या मागनं दुष्काळ आला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. तवा निजाम सरकारनं गावाच्या वरल्या अंगाला तळं बांधायचं काम काढलं. दिवसभर पाटी वाहायची, सांजच्याला पदरात जवारी घ्यायची. कामाचा गुत्ता, म्हंजे ठेका, राधाकिशन नावाच्या माणसाला दिलता. त्याच्यावर तहसीलदार. अन् काम नीट होतंय का ते बघायला सरकारी शिपाई म्हणून आमच्याच गावचा शहादेव. अंगात खाकी डगला, कमरेला पितळी बिल्ल्याचा पट्टा. आमच्या गावात सरकारी पट्टा बांधणारा तो पयला. त्याची बायको कौशल्या पाण्याला निघाली तरी बाया वाट सोडायच्या. तिला ते आवडायचं. कोणाला आवडणार न्हाई?

आता पाळ म्हंजे नुसता मातीचा ढीग नसतो. तिच्या पोटात काळी माती भरायची, तिला पाणी पाजायचं, अन् वरनं बैलं फिरवून कणकेसारखी तुडवायची. तवा कुठं ती पाणी धरती. तेवढं पाणी नदीवरनं पखालींनी आणायचं ठरलं होतं, अन् सरकारनं त्याचा खर्च बी मंजूर केलता. पखालीचे रेडे आमी सुरुवातीला बघितले. मंग रेडे दिसंनात, पखाली दिसंनात. कोरडी ढेकळं टाका, पोकळी राहिली तर बाभळीच्या फांद्या कोंबा, वरनं मुरूम पसरा. राधाकिशन छत्री धरून उभा राहायचा अन् म्हणायचा, आटपा, आटपा.

आमाला दिसत नव्हतं का? दिसत होतं की. डोळे सगळ्यांना होते, पण पोटं बी होती. पाळ कशी बी होईना, जवारी मिळत होती. अन् पाऊस असा रुसला होता, की तळं भरंल अन् फुटंल असं मनात आणायचं म्हंजे चैन वाटायची.

शहादेव आधी गुपचूप तहसीलदाराकडं गेलता. हे मला कौशल्यानं सांगितलं. तहसीलदार म्हणाला, "पाऊस पडंल तवा बघू. तू तुझा पट्टा सांभाळ." शहादेव घरी आला अन् भाकरी न खाता बसून राहिला.

कौशल्या म्हणाली, "तुमाला काहून पडलंय एवढं? ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी."

शहादेव म्हणाला, "पाळीखालचं पयलं घर आपलं हाय."

"दुसरं बंकटचं हाय. तिसरं छबूचं हाय. ते बोलतेत का कायी?"

"त्यांना कोण इचारतंय? मला त्याच्यासाठी ठेवलंय."

त्यावर तिनं भाकरी झाकून ठेवली. 

मंग एक दिवस दवंडी झाली. जिल्ह्याचा मोठा साहेब काम बघायला येणार. तवाची रीत तुमाला ठावं नसंल, म्हणून सांगते. मोठा साहेब आला की गावातल्या मानकऱ्यांनी एकेकानं पुढं जायचं. दोन्ही तळहातांवर धुतलेला रुमाल पसरायचा, रुमालावर नाणं ठेवायचं, अन् वाकून उभं राहायचं. हा नजराणा. साहेबाच्या मनात आलं तर तो घ्यायचा. न्हाईतर दोन बोटं लावून तसाच ठेवायचा, म्हंजे पोचला, आता तुझा तुला. असं बोट लागलेलं नाणं लोक खर्चत नसत. घरी नेऊन देवघरात ठेवायचे.

चिंचेखाली तंबू लागला. साहेब खुर्चीवर बसला, पांढरीशुभ्र शेरवानी, तोंडावर प्रवासाचा शीण. शेजारी तहसीलदार. आमी पाट्या खाली ठेवून लांबून बघत होतो. आधी भगवानराव पाटील गेले. मंग राधाकिशन गेला, लई वाकला. मंग दोन-चार मानकरी. साहेब कोणाकडं न बघता बोट लावायचा, पुढचा यायचा. जांभई दाबत चाललं होतं सगळं.

मंग शहादेव पुढं झाला. त्याच्या रुमालावर मातीचं ढेकूळ होतं.

साहेबानं सवयीनं बोट लावलं. बोटाला नाणं लागंना म्हणून त्यानं खाली बघितलं, अन् ते ढेकूळ उचललं. उचललं तसं ते चिमटीत फुटलं. निम्मं पीठ होऊन शेरवानीवर सांडलं. आत बाभळीचा काटा होता, तो साहेबाच्या बोटात गेला. आमच्यात कोणीतरी फिसकन हसलं, अन् लगेच तोंडावर हात धरला.

"ये क्या है?" साहेब म्हणाला.

"हुजूर, पाळीच्या पोटातली माती हाय," शहादेव म्हणाला. त्याचे हात अजून तसेच पुढं होते. "तिला पाण्याचा थेंब लागलेला न्हाई. हे तळं भरलं तर फुटंल, अन् खाली गाव हाय."

तहसीलदार उठून उभा राहिला. "नमकहराम. सरकारचं मीठ खातोस अन् भर दरबारात सरकारची अब्रू काढतोस? उद्या पलीकडच्या इंग्रजी मुलखात लोक हसतील, की निजामाच्या राज्यात असली कामं होतात. ही रियासतीशी गद्दारी आहे."

शहादेव म्हणाला, "मीठ खाल्लं म्हणूनच सरकारला सांगितलं, हुजूर. इंग्रजाला न्हाई सांगितलं."

साहेबानं बोटातला काटा काढला अन् पाळ खोदायला लावली. खोदली आमीच. टिकाव घालताच बाभळीच्या फांद्या वर आल्या, पालासुद्धा वाळून तसाच होता.

आता तुमाला वाटंल, झालं, खरं जिकलं. जिकलं बी. तहसीलदाराची बदली झाली. राधाकिशन दुसरीकडं दुसरा गुत्ता घ्यायला गेला. अन् साहेबानं जाता जाता शहादेवाचा पट्टा काढून घेतला. भगवानराव पाटलांनी भीत भीत इचारलं, "हुजूर, माणूस तर खरा निघाला ना?" साहेब म्हणाला, "खराच आहे. आज त्यानं तहसीलदाराला उघडं पाडलं, उद्या मला पाडील. असा शिपाई कोण ठेवील?" पाटलांनी हे पारावर चार माणसांत सांगितलं, अन् वर आपलं बी घातलं, "बरोबर हाय साहेबाचं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा माणूस कोणाचाच नसतो."

तिथवर बी गावानं सोसलं असतं. पण चौकशी लागली, अन् चौकशी संपंपर्यंत काम बंद झालं. काम बंद म्हंजे जवारी बंद. ज्यांचे पाय धड होते ते अंबाजोगाईकडं मजुरीला गेले. ज्यांचे नव्हते ते घरात पडून राहिले. बंकटची आई रतनबाई अशीच राहिली. बंकट तिला सोडून जाईना, अन् गावात तर कायी मिळंना. मी एकदा तिला आंबील दिलती, माझ्याच घरात दुसऱ्यांदा द्यायला नव्हती. तिला ताप बी होता. तापानं गेली का भुकंनं गेली, ते एक देवाला ठावं. बंकटनं ठरवलं, शहादेवानं मारली.

मयताला शहादेव आला. शेजारधर्म हाय, न्हाई कसा येईल? खांदा द्यायला पुढं झाला तसा बंकटनं त्याला छातीवर हात देऊन मागं लोटलं. "माझ्या आईला हात लावू नको बे. साहेबाकडनं शाबासकी घ्यायला माझी आई बळी दिलीस."  शहादेवानं डोक्याचं पागोटं काढून हातात धरलं, अन् मयत वळणापलीकडं जाईस्तोवर तसाच उन्हात उभा राहिला.

तवापासून गावानं त्याला टाकलं. पंचायत बसली न्हाई, ठराव झाला न्हाई, पण लग्नाच्या अक्षता त्याच्या दारात येईनात. कौशल्या बाकीच्या बाया गेल्यावर पाण्याला जायला लागली. मी तिच्याकडं जायचे. माझ्या नवऱ्याला ते रुचायचं न्हाई, पण माझ्या पायाला त्यानं कधी दोरी बांधली नव्हती. ती एकदा मला म्हणाली, "छबू, सरकारनं पट्टा काढला त्याचं मला कायी वाटत न्हाई. पण मी पाणी भरते तवा घागर बी बोलत न्हाई गं माझ्याशी." अन् ढसाढसा रडली. मला बी रडू आलं, अन् राग आला. कोणाचा, ते सांगता यायचं न्हाई. रतनबाईची बी आठवण येत होती ना.

पुढं चौकशी संपली, नवा गुत्तेदार आला. त्यानं जुनी पाळ तशीच सोडली अन् तिच्या वरच्या अंगाला नवी धरली. ह्या वेळी पखाली आल्या. रेड्यांची रीघ लागली. बैलं फिरली, माती तुडवली, आमी पाट्या टाकल्या. तळं झालं. मोठ्या साहेबाच्या नावाचा दगड बसला. दुसऱ्या साली पाऊस बरा झाला, तळं काठोकाठ भरलं. गावानं खणानारळानं तळ्याची ओटी भरली. पाच सवाष्णी बोलावल्या, त्यात कौशल्या नव्हती.

अन् आता गंमत ऐका. तळं फुटलं न्हाई. कसं फुटंल? नीट बांधलं होतं. तर लोक पारावर बसून म्हणायला लागले, "बघा, कुठं फुटलं? उगीच बोंब मारली शहादेवानं. फुकट रतनबाई गेली." डोकं फिरतं माझं अजून. तळं फुटून गाव वाहून गेलं असतं, तर उरलेल्यांनी शहादेवाला खरा म्हटलं असतं. गाव वाचलं म्हणून तो खोटा. मी एकदा पारावर हे बोलले, तर भगवानराव पाटील म्हणाले, "छबुबाई, बायांनी पाटी टाकावी." टाकली की. तुमच्यापेक्षा जास्त टाकली.

शहादेव स्वतः कधी कायी बोलला न्हाई. लोकांच्या शेतात मजुरीला जायचा, ते बी लांबच्या गावात. अशी लई वर्षं गेली. केस पांढरे झाले त्याचे.

मंग एका सालच्या भादव्यात पावसानं कहर केला. तळं भरून सांडव्यावरनं पाणी सुटलं. गाव सगळं बघायला गेलतं, मी बी गेलते. सांडव्याखाली ती जुनी, सोडून दिलेली पाळ होती. तिच्यावर गवत उगवलं होतं, पोरं गुरं चारायची. सांडव्याचं पाणी वळून तिला जाऊन लागलं. नुसतं लागलं. अन् आमच्या डोळ्यांदेखत ती बसली, दुधात भाकरी बसावी तशी. बाभळीच्या फांद्या पाण्यावर वर आल्या अन् ओढ्यानं वाहत गेल्या.  माणसं एकमेकांची नजर चुकवत उभी होती. बंकट सगळ्यांत पुढं होता. तो वळला अन् सरळ घरी गेला.

पाणी उतरलं. चार दिवसांनी मी कौशल्याकडं डाळ भरडायला गेलते. शहादेव ओट्यावर दोरी वळत बसला होता. दारात बंकट येऊन उभा राहिला. त्याच्या तळहातांवर धुतलेला रुमाल होता, अन् त्यावर त्या जुन्या पाळीचं ढेकूळ. टोकाला काटा दिसत होता.

जातं थांबलं. 

बंकट म्हणाला, "तात्या, हे आपल्यावर आलं असतं. तुमच्या मागनं दुसरं घर माझंच होतं."

शहादेव म्हणाला, "होतं."

"मंग माझी आई काहून गेली?"

शहादेवानं हातातली दोरी बाजूला ठेवली.  मंग म्हणाला, "काम बंद पडलं म्हणून गेली. अन् ते माझ्या बोलण्यानं बंद पडलं. कोणी म्हणायची गरज न्हाई, मला ते रोज ठावं हाय."

बंकटनं पुढं धरलेले हात मागं घेतले न्हाईत. त्याच्या डोळ्यांतनं पाणी गळत होतं, अन् दोन्ही हात गुंतलेले, पुसणार कसं? शहादेव उठला. त्यानं त्या ढेकळाला दोन बोटं लावली, हलक्या हातानं, फुटू नये असं. अन् ते तसंच रुमालावर राहू दिलं.

कौशल्यानं तांब्याभर पाणी आणलं. बंकट ढेकूळ संभाळत ओट्यावर बसून ते प्याला.

शहादेव गेला, कौशल्या गेली. शहादेवाला पयला खांदा बंकटनं दिला. गाव अजून भांडतं, फितूर का वाली. बंकट त्यात पडत न्हाई. त्याच्या देवघरात रतनबाईच्या नावाच्या चांदीच्या टाकाशेजारी ते ढेकूळ ठेवलंय, सणाला त्याला बी हळदकुंकू लागतं. त्याची सून कुरकुरती, की रोज पुसावं तर रोज देवघरात माती सांडती.