एका शर्टातली चार माणसं

शिवणताई नगरभवनात गेली ती पडद्यांचं माप घ्यायला. फोटो बघायची हौस तिला कधीच नव्हती. लांबट दालनाला पश्चिमेच्या अंगाला सात खिडक्या होत्या, दुपारचं ऊन थेट समोरच्या भिंतीवर पडायचं आणि तिथं टांगलेले जुने फोटो विटतील म्हणून संग्रहालयाच्या बाईंनी तिला बोलावून घेतलं होतं.

पाच खिडक्या मोजून झाल्या. सहावीच्या समोर ती टेप गळ्यात टाकून जरा कंबर सरळ करायला उभी राहिली. समोर चार फोटो ओळीने लावले होते आणि वर पाटी होती, ‘शहराभोवतालची माणसं’. एक वीटवाला, एक होडीवाला, एक कोळसेवाला आणि एक मेंढपाळ. शिवणकाम करणाऱ्या माणसाची नजर आधी कपड्यांवर जाते, माणूस मागाहून दिसतो. वीटवाल्याच्या शर्टाला डाव्या कोपरावर तिकोनी ठिगळ होतं. होडीवाल्याच्याही होतं, कोळसेवाल्याच्याही. मेंढपाळाने शर्ट उलटा घातला होता, तरी ठिगळाची मागची बाजू उजव्या कोपरावर दिसत होती, आणि टाके दोन आखूड, एक लांब. असे टाके घालणारी एकच बाई तिला ठाऊक होती, आणि त्या बाईनेच तिला सुई धरायला शिकवलं होतं.

मग ताईची नजर वर गेली. काजळी होती, खोटी दाढी होती, डोक्याला फडकं होतं. पण त्याखाली तेच जाड ओठ होते, आणि हे एकदाचं कधी संपतंय अशी वाट बघणारे तेच डोळे.

चारही फोटोंत तिचा बाप उभा होता.

हे असं कसं झालं ते नीट सांगायला हवं, कारण आज फोटो काढायला क्षणही लागत नाही. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी शहर चहूबाजूंनी वाढू लागलं, तेव्हा नगरपालिकेने एका फोटोवाल्याला काम दिलं: नवे रस्ते, पूल, पाण्याच्या टाक्या टिपायच्या आणि शहराच्या कडेला राहणाऱ्या माणसांचेही फोटो काढायचे. फोटोवाल्याचा कॅमेरा तेव्हाही जुनाच होता. तीन पायांवर उभी पेटी आणि आत फोटो उमटायला काचेच्या प्लेटा. सावकाश पाच आकडे मोजून होईपर्यंत समोरच्याने हलायचं नाही. हलला की चेहऱ्याचा नुसता धूर. ती पेटी वाहायला ताईचा बाप होता. सगळे त्याला पेटीवालाच म्हणायचे.

फोटो काढायला येणार असा निरोप वस्तीवर आधी जायचा. निरोप गेला की माणसं काय करतील? तुम्ही-आम्ही केलं असतं तेच. आंघोळी करून, धुतलेले कपडे घालून, पोरांचे भांग पाडून रांगेत उभी राहायची. फोटोवाल्याचं डोकं फिरायचं. “हे काय, लग्नाला निघालेत की काय? मला वीटवाला हवा, मळलेला.” मग त्या सगळ्यांना बाजूला हाकून तो पेटीवाल्याच्या अंगाला चिखल फासायचा आणि त्यालाच विटांच्या थप्पीशी उभा करायचा. पेटीवाल्याच्या नाकावर माशी बसली तरी तो हलायचा नाही. घरी आल्यावर हसून सांगायचा, “आज मी मेंढपाळ होतो. मेंढ्या तेवढ्या खऱ्या होत्या, म्हणून त्याच हलल्या.”

“तुझाही एक काढू रे, चांगले कपडे घालून ये,” असं फोटोवाला त्याला दर महिन्याला म्हणायचा. तो दिवस काही उगवला नाही. वरून सगळं शहर दिसेल म्हणून अर्धवट बांधलेल्या टाकीच्या परांचीवर चढवलेली पेटी पेटीवाल्यासकट खाली आली. ताई तेव्हा आठ वर्षांची, तिचा भाऊ चार महिन्यांचा.

घरात बापाचा एकही फोटो नव्हता. भाऊ पुढे पोस्टमन झाला, शहरातल्या दारोदारची नावं वाचत त्याने हयात काढली आणि आता निवृत्त होऊनही त्याचा एक प्रश्न सुटला नव्हता. “कसे दिसायचे गं?” लहानपणी रोज, मग वर्षातून एखाद्या वेळी. ताई म्हणायची, “तुझ्यासारखेच.” आठ वर्षांच्या मुलीला सांगता येण्यासारखं फार थोडं आठवत असतं, आणि जे आठवतं ते पुरवून पुरवून सांगितलं तरी संपतं.

ताई मापाची वही तिथंच ठेवून संग्रहालयाच्या बाईंच्या खोलीत गेली. बाई तरुण होत्या, मनाने चांगल्या, आणि कामाने वाकलेल्या.

“मॅडम, ते चार फोटो चौघांचे नाहीत. एकाच माणसाचे आहेत. माझ्या वडिलांचे.”

बाई हसल्या. “मावशी, जुन्या फोटोंत सगळे सारखेच दिसतात हो. परवा एक आजोबा पुलाच्या मुकादमाला स्वतःचे सासरे म्हणत होते.”

“चेहरा राहू द्या. भिंग आणा.”

बाईंनी भिंग घेतलं आणि दोघी दालनात आल्या. ताईने त्यांना ठिगळ दाखवलं, मग टाके मोजायला लावले: दोन आखूड, एक लांब, चारही ठिकाणी. तिने आपल्या ब्लाउजची कड उलटी करून आईने शिकवलेले तेच टाके तिथंही दाखवले. तिसऱ्या फोटोपाशी बाईंचं हसू मावळलं. चौथ्यापाशी त्या खुर्चीवर बसल्या.

“कुणाला सांगितलंय हे?”

“अजून नाही. वडिलांचं नाव लिहा खाली, एवढंच म्हणणं आहे माझं. चिठ्ठीवर लिहून देते. रविवारी भावाला आणणार आहे. त्याने त्यांना बघितलेलं नाही कधी.”

बाईंनी तिला खोलीत परत नेलं आणि दार लोटून घेतलं. “मावशी, भट्टीच्या मैदानावर वीटवाल्यांची वस्ती आहे ना, नगरपालिका म्हणते ती मागाहून घुसलेली माणसं आहेत. तिथून रस्ता जायचाय. त्यांच्याकडे कागद नाही, काही नाही. हा एक फोटो आहे. फोटोवाल्याच्या नोंदवहीत त्याची तारीख आहे, मागे त्यांची भट्टी दिसते आणि पुढे वीटवाला उभा आहे. येत्या महिन्यात सुनावणी. उद्या कळलं की वीटवाला म्हणजे चिखल फासलेला हमाल, तर समोरचा वकील म्हणेल भट्टीही पुठ्ठ्याची असेल.”

“भट्टी खरीच होती. वीटवालेही होते. त्यांना बाजूला हाकललं होतं.”

“हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“वडिलांनी.”

“आणि ते कुठे आहेत?” बाईंनी विचारलं, आणि विचारल्यावर त्यांची त्यांनाच लाज वाटली असावी. “मावशी, माझ्यावर विश्वास नसेल तर तुम्ही स्वतः एकदा वस्तीत जाऊन या.”

ताई दुसऱ्याच दिवशी गेली. भांडायच्या तयारीनेच गेली म्हणा ना. माझा बाप मला परत द्या, असं म्हणायला काय कुणाची चोरी?

वस्तीत चाळीसेक घरं होती, सगळी स्वतः भाजलेल्या विटांची, पण गिलावा एकालाही नव्हता. उद्या पाडतील म्हणून कुणी करत नव्हतं. मधल्या सभेच्या खोलीत भिंतीवर तोच फोटो मोठा करून लावला होता, समोर ताजी फुलं. वस्तीचा मुकादम ताईहून पाच-सहा वर्षांनी लहान, बोलका माणूस. पडदे शिवणाऱ्या बाई नगरभवनातून आल्यात एवढंच ऐकून त्याने खुर्ची पुसून दिली.

“बघा, आमचे आजोबा. हनुवटी बघा आणि माझी बघा.”

ताईने दोन्ही बघितल्या. काही साम्य नव्हतं.

“मी तेव्हा अगदी लहान,” मुकादम सांगू लागला. “पण आजीने शंभरदा सांगितलंय. फोटोवाला येणार म्हणून तिने आजोबांचा शर्ट आदल्या दिवशी राखेने घासून धुतला, दगडावर आपटून आपटून पांढरा केला. आणि फोटोत बघा कसा आलाय, जसा काही चिखलातून काढलाय. आजी मरेपर्यंत त्या कॅमेऱ्याला शिव्या देत होती.”

तो हसला. खोलीतल्या दोन-तीन बायका हसल्या. हा विनोद त्यांचा रोजचा असावा.

भांडायला आलेली ताई फोटोकडेच बघत राहिली. तिचा बाप हीच गोष्ट दुसऱ्या टोकाकडून सांगायचा: एक म्हातारा इतका पांढराशुभ्र शर्ट घालून आला होता की फोटोवाला त्याच्यावर सगळ्यांत जास्त ओरडला. घरी ती सगळी हसली होती. आईसुद्धा.

“काय झालं, ताई?” मुकादमाने विचारलं. “पाणी आणू?”

“नको. ऊन लागलं असेल.”

“हा फोटो नसता ना, तर आम्ही कधीच उठलो असतो इथून,” मुकादम म्हणाला. “बाकी सगळं तोंडी. तोंडी कोण ऐकतं?”

घरी येऊन तिने भावाला सगळं सांगितलं. तो पेटून उठला. “म्हणजे आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची सोंगं घेतली, आता दुसऱ्यांचं नाव लावायचं? आणि तू चहा पिऊन आलीस?”

“चहा नाही प्याले.”

“उपकारच झाले.”

“चाळीस घरं आहेत तिथं.”

“आणि आपलं घर कशात धरायचं?” तो म्हणाला. पण पोस्टमनने चाळीस घरांची दारं ओळखीची करून घेतलेली असतात, थोड्या वेळाने तोच म्हणाला, “वीटवाला राहू दे त्यांना. बाकीचे तीन तरी आपले ना?”

ताईनेही तोच हिशेब मनाशी केला होता. ती बाईंकडे गेली. वीटवाल्याबद्दल मी ब्र काढणार नाही, म्हणाली, पण होडीवाला, कोळसेवाला, मेंढपाळ या तिघांखाली वडिलांचं नाव लिहा. बाईंनी नावाची चिठ्ठी घेतली, टेबलाच्या काचेखाली सरकवली आणि म्हणाल्या, “बघते, मावशी.” ताईचा जीव भांड्यात पडला. तिच्या कुठल्या गिऱ्हाइकाच्या ‘बघते’वर तिने इतका भरवसा ठेवला नसता.

रविवारी भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आला. बूट चमकत होते, भांग पाडलेला होता. बसमध्ये त्याने दोनदा विचारलं, “आधी कुठला दाखवशील?”

“होडीवाला. त्याच्यात दाढी नाही. चेहरा नीट दिसतो.”

दालनात तिचेच पडदे लागले होते आणि त्यांच्यामुळे आत गार, मवाळ उजेड होता. सहाव्या खिडकीसमोर एकच फोटो होता. शेजारी तीन खिळे रिकामे होते, आणि भिंतीचा रंग तेवढ्या तीन चौकोनांत जास्त गडद होता. वीटवाल्याखाली नवी पाटी होती. तिच्यावर मुकादमाच्या आजोबांचं पूर्ण नाव होतं आणि खाली, ‘भट्टीच्या वस्तीचे आद्य रहिवासी’.

ताईला सगळं लगेच कळलं. चार सारखी ठिगळं एका भिंतीवर असली की कुणीही जुळवील. एकच असलं की कशाशी जुळवणार? ते ठिगळ तिनेच भिंग मागून दाखवलं होतं. ती तेव्हा माप घेऊन मुकाट्याने गेली असती, तर आज चौघेही भिंतीवर असते.

बाईंच्या खोलीला कुलूप होतं. सुट्टीचा दिवस.

भाऊ फोटोसमोर उभा राहिला होता. हात मागे बांधून, जवळ न जाता. चिखलाखालचा चेहरा शोधत होता. तेवढ्यात मुकादम आला. सुनावणीपर्यंत तो रोज फोटोपाशी येऊन बसायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला माहिती द्यायचा. त्याने ताईला ओळखलं.

“अरे वा, पडदे झकास झालेत. आणि हे?”

भावाने ताईकडे बघितलं. तिने एक शब्द बोलायचा होता, आणि तो कुठला ते त्याने तिच्यावर सोडलं होतं.

“माझा भाऊ,” ती म्हणाली. “फोटो बघायला आलाय.”

“या ना, जवळून बघा. आमचे आजोबा.”

भाऊ एक पाऊल पुढे गेला. “कसे होते?” त्याने विचारलं.

इतकी वर्षं हाच प्रश्न तो ताईला विचारत आला होता. मुकादमाकडे उत्तरांना तोटा नव्हता. “अहो, काय सांगू. भट्टी पेटली की तीन-तीन दिवस झोपायचे नाहीत. गाणं म्हणायचे, पण बेसूर.”

“उंच होते?”

“उंच? दारातून वाकून आत यायचे.”

“तापट?”

“छे. आवाज मोठा, एवढंच.”

“मुलांवर जीव होता?”

“धाकट्यावर फार. म्हणजे माझ्या काकावर. खांद्यावरून खाली म्हणून उतरवायचे नाहीत त्याला.”

भावाने मान हलवली, आणखी एकदा हलवली, मग मुकादमाचे हात हातात घेऊन म्हणाला, “जागा तुम्हालाच मिळू दे.” ते तो अगदी मनापासून म्हणाला, आणि ताईला ते ऐकवेना.

पायऱ्या उतरल्यावर त्याने विचारलं, “ताई, खरं सांग. उंच होते?”

ताईला खोटं बोलता आलं असतं. आजवर ‘तुझ्यासारखेच’ म्हणतच आली होती. पण आज आत एक खोटं बोलून झालं होतं आणि दुसरं जिभेवर येईना.

“नाही. बुटके होते. परांचीवर चढायला बुटका माणूस बरा, म्हणून तर त्यांना कामावर ठेवलं होतं.”

“गायचे?”

“आठवत नाही.”

“आणि मला खांद्यावर?”

“तू चार महिन्यांचा होतास.”

तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला. चमकवलेल्या बुटांवर धूळ बसली होती, ती त्याने एका बुटाने दुसऱ्यावर पुसली.

“मग मुकादमाने सांगितले तेच बरे होते,” तो म्हणाला, आणि तिच्यासाठी न थांबता बसथांब्याकडे चालू लागला.