भोपळ्यावरून आलेला माणूस

माझ्या गोष्टीतली चौदा आणे थाप कापायची आणि उरलेल्या दोन आण्यांवर विश्वास ठेवायचा, हा आमच्या गावचा नियम. एक बिबट्या माझ्या लुनावर मागं बसून कोल्हारपर्यंत आला आणि उतरताना शेपटीनं सलाम ठोकून गेला, ही गोष्ट मी तीस वर्षं सांगतोय. लोक म्हणतात, "गहिनीतात्या, लुना खरी, बाकीचं ऱ्हाऊ द्या." मी म्हणतो, ऱ्हाऊ द्या, लुना तरी धरून ठेवा.

अनारुलच्या गोष्टीतलं मात्र कुणी काही कापलं नाही. तिथंच घात झाला.

अनारुल गवंडी. अठरा वर्षांपूर्वी शाळेच्या खोल्या बांधायला एक टोळी आली, तिच्याबरोबर आला. टोळी गेली, हा राहिला. खाजाभाईच्या पिठाच्या गिरणीमागं खोली घेतली. गावातल्या निम्म्या भिंतींना त्याच्या हातचा गिलावा आहे; हात फिरवला तर धुतलेल्या म्हशीच्या पाठीवरून फिरवल्यासारखा वाटतो. कुठला म्हणून विचारलं तर "बंगालकडला" एवढंच म्हणायचा. संध्याकाळी अवजारं धुऊन प्रवरेच्या घाटावर शेवटच्या पायरीला बसायचा. तोंड उगवतीकडं, पाणी जातं तिकडं.

एकदा म्हणाला, "तात्या, हे पानी जातं कुटं?"

"टोक्याला गोदावरीत. मधी जायकवाडीत अडकतंय, दारं उघडली की सुटतंय. मग नांदेड, आंध्र, आन शेवटाला तुज्या बंगालच्या समुद्रात."

"किती दिस लागत्याल?"

"त्याला कुठं तिकीट काढायचंय? जाईल सावकाश."

त्यानं पायरीवरची एक काडी उचलली आणि पाण्यात सोडली.

आमच्याकडं पोरांना पोहायला शिकवतात ते पाठीला वाळका भोपळा बांधून. दोन उन्हाळ्यांमागं मी घाटावर असेच भोपळे बांधत होतो. एका पोरानं विचारलं, "अनारुलचाचाला पवायला कुनी शिकवलं?" झालं. माझ्या जिभेला एवढं पुरतं.

म्हटलं, "अरे, तिकडं एक नदी हाय. अल्याड एक देश, पल्याड दुसरा. ह्यो गडी पहाटचा भोपळा बांधून उतरला पान्यात. पहारेकऱ्यानं बॅटरी मारली, त्याला दिसला नुसता भोपळा. म्हनला, भाजीला व्हईल! काठीनं ओढला आन घेतला आपल्या देशात."

पोरं हसून हसून पाण्यात लोळली. माझ्या नातीनं, संस्कृतीनं, सगळं मोबाईलवर घेतलं. अनारुल तेवढा हसला नाही. मला वाटलं, गोष्टीत मीठ कमी पडलं.

तो व्हिडिओ या फोनवरून त्या फोनवर फिरत राहिला. यंदा जिकडंतिकडं घुसखोर शोधायची मोहीम निघाली, तेव्हा तो फिरत फिरत पोलिसांच्या हातात पडला. दोघं जण आले, अनारुलला माझंच तोंड दाखवलं आणि म्हणाले, "आठ दिवसांत जन्माचा दाखला आण." संस्कृतीनं रडत व्हिडिओ पुसला. पण पाण्यात सोडलेलं काय परत येतं?

ग्रामसभा बसली. सरपंच बनुबाई खुर्चीत. समोर आबासाहेब. हा आबा बावीस वर्षं सीमेवर पहाऱ्याला होता, तोही त्या पूर्वेच्याच सीमेवर. आयुष्यात खोटं बोललेला नाही. सासऱ्याच्या तेराव्याला आमटी खारट झाली तर पंगतीत उभं राहून सांगणारा माणूस.

आबा म्हणाला, "येनारा वाईट नसतो, उपाशी असतो. मला ठावं हाय. पन घराला दार हाय तर इचारून यावं. न्हाईतर मी काय तिथं म्हशी राखत हुतो?"

"आबा, आता अठरा वर्सांनी दार दाखवायचं?" बनुबाई म्हणाली. "तुमच्या देवघराच्या भिंतीला त्याचाच हात हाय."

"भिंतीचं भिंतीपाशी, कायद्याचं कायद्यापाशी."

"मंग पाडा की भिंत!" मागून बायांतून कुणीतरी ओरडलं.

खाजाभाई एरवी गिरणीच्या आवाजावर आवाज चढवणारा. त्या दिवशी हळू बोलला. "त्याचं ऱ्हाऊ द्या. परवा त्या दोघांनी माझाच दाखला मागितला. आमच्या चार पिढ्यांच्या कबरी हितं हायेत. आता आज्याला उठवून नेऊ का ठाण्यात?"

आबा चिडला. "इचारनारा चुकला. चल, मी येतो तुज्यासंगं."

"तुमी संगं आल्यावर मी हितला ठरनार. तेच तर मनाला लागतंय, आबा."

मग मी उठलो. गुडघे वाजले ते सगळ्यांना ऐकू गेले.

"ती गोष्ट थाप हुती. मी लिहून देतो."

थाप मारली हे मी उभ्या जन्मात कबूल केलं नव्हतं. बिबट्याचं तर अजून करणार नाही. बनुबाईचं तोंड उघडंच राहिलं.

"तात्या, देवाची आन घ्या," आबा म्हणाला.

"घेतली."

"मंग कागदावर पयली सही माजी. खोट्यावर कुनाला बाहेर काढायचं न्हाई."

सगळ्यांचे हात वर झाले. मी तसाच घाटावर गेलो. पेढे नव्हते म्हणून गुळाचा खडा घेऊन गेलो. सांगितलं सगळं. अनारुलनं गूळ हातातच धरून ठेवला.

"तात्या," तो म्हणाला, "भोपळा नव्हता."

"आं?"

"केळीचे बुंधे हुते. दोन, एकाला एक बांधलेले. आईनं बांधून दिले. आमच्याकडं भोपळा बांधत न्हाईत."

"आन बॅटरीवाला?"

"त्यो हुता. बॅटरी मारली, माझ्याकडं बगितलं, आन इझवली."

सत्तर वर्षांत एवढ्या थापा मारल्या, त्यातली एक खरी निघाली. तीही ज्याची होती त्याच्यासमोर बसून सांगितलेली. तरीपण मी म्हणालो, "मग काय झालं? मी थापच म्हननार. माजा जन्म ह्यातच गेलाय."

"तुमचं चालंल. आबांच्या सहीचं काय? माझ्यापायी त्यांना खोट्यात नका घालू." मग म्हणाला, "आन आई ऐंशीची झाली. फोनवर एकच इचारती, जेवलास का. अठरा वर्सं मी म्हनतोय, जेवलो. गेलो तर परत येता येनार न्हाई, म्हनून गेलो न्हाई."

"मंग जाऊ नगं."

"ऱ्हायलो तर ती दिसनार न्हाई." तो पाण्याकडं बघत होता. "तिकडं गेल्यावर घाट आठवंल. मानसाला दोन गावं नसावीत, तात्या."

सकाळी त्यानं खाजाभाईच्या गिरणीची राहिलेली भिंत गिलावा करून पुरी केली. "चार दिस पानी मारा, न्हाईतर तडकंल," असं बजावलं आणि मग स्वतःच आबाचं दार वाजवलं. दोघं काय बोलले ते कुणाला माहीत नाही. आबानं त्याला मोटारसायकलवर बसवून ठाण्यात नेलं. संध्याकाळी आबा एकटा आला. त्या दोघांत कायदा कुणी पाळला आणि कुणी पाळायला लावला, हे मला अजून ठरवता येत नाही.

त्याला नगरला नेलं, पुढं कुठं ते कळलं नाही. फोन लागत नाही. भिंत वाळून चार महिने झाले, पण खाजाभाई अजून रोज सकाळी तिच्यावर पाणी मारतो.

मी एक चांगला वाळका भोपळा निवडला. संस्कृतीनं चिठ्ठीवर लिहिलं, "जेवलास का?" भोपळ्याला भोक पाडून चिठ्ठी आत सारली, मेणानं तोंड बंद केलं आणि प्रवरेत सोडून दिला.

परवा पोरं घाटावर जमली तेव्हा मी सांगितलं, "भोपळा परत आला बरं का! जायकवाडीच्या दारातनं उलटा चढून आला. त्याला केळीच्या बुंध्याचं सोपट बांधलं हुतं, गाठ मारून."

"चौदा आणे कापा!" पोरं ओरडली.

वरच्या पायरीवर आबा बसला होता. हल्ली तो रोज येतो. तोंड उगवतीकडं.

"कापू नगा," तो म्हणाला. "मी बी बगितला. पान्याच्या इरुद्ध येत हुता."