मास्तरांची पाळी

वृद्धाश्रमातल्या आमच्या दालनाला खिडकी नाही. तळघरच ते. पैसे भरणारे म्हातारे वरच्या मजल्यावर. त्यांना खिडक्या, पडदे आणि उशाशी दिव्याचं बटण. आम्ही फुकटातले, खाली. आमच्या छताला काचेचा डोळा बसवलाय. कोणी हललं की दिवे लागतात, नाही हललं की गपकन जातात. वीज वाचते म्हणे. आता या वयात आम्ही काय नाचत बसायचं? त्यामुळे भरदिवसा काळोख, आणि दाराच्या काचेतून काळोख दिसला की चहावाली आत कोणी नाही असं समजून पुढे निघून जाते.

“आम्हाला एक बटण द्या,” असं व्यवस्थापक साहेबांना सांगून माझी जीभ झिजली.

“आजी, तुम्ही बंद करायला विसराल हो.”

जन्मभर लोकांचे कपडे इस्त्री केले मी, एक सदरा जाळला नाही, आणि म्हणे बटण विसराल!

मग आम्हीच पाळ्या लावल्या. ज्याची पाळी, त्याने हात हलवत राहायचं. सगळ्यात भारी पाळी मास्तरांची. ते एके काळचे बँडमास्तर. डावं अंग लुळं पडलेलं, पण उजव्या हातातली काठी खुर्चीवर दोनदा टकटक वाजवायचे आणि हवेत ताल धरायचे. त्यांच्या पाळीला आम्ही खुशाल डुलक्या काढायचो.

एकदा अशीच दुपारभर त्यांची पाळी चालली. दिवे लख्ख. चहावालीने कप पुढे केला तर मास्तरांनी घेतलाच नाही. हात गार पडलेला. डॉक्टर म्हणाले, हे सकाळीच गेलेत.

मग दुपारभर दिवा कोणी लावला होता?

त्यानंतर दिवे विझेनात. आम्ही दगडासारखे बसलो तरी विझेनात. मास्तरांची खुर्ची कोपऱ्यात रिकामी, तिच्यावर त्यांची काठी आडवी. मला भीती वाटायची, खोटं कशाला सांगू? पण चहा वेळेवर यायचा.

साहेबांना मात्र विजेची काळजी. ते वायरमनला घेऊन आले आणि आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं. दाराच्या काचेतून आम्ही बघत उभे. आत चिटपाखरू नाही, आणि दिवे चालू.

“आत कोण राहिलंय?” वायरमनने विचारलं.

“कोणी नाही,” साहेब म्हणाले.

“मास्तर आहेत,” मी म्हटलं. साहेब हसले. वायरमन हसला नाही. त्याने घाईघाईने नवा डोळा बसवला, हत्यारं गोळा केली आणि मागे न बघता निघून गेला.

आम्ही आत जाऊन बसलो. जरा वेळाने दिवे गेले. पाळी माझी होती. मी हात हलवला. मग दोन्ही हात हलवले. शेवटी सगळेच हलवायला लागले. काही नाही. नव्या डोळ्याला आम्ही दिसतच नव्हतो.

दाराशी साहेबांचा आवाज आला, चहावालीला सांगत होते. “बघा, झालं ठीक. आत कोणी नसलं की बंद.”

“अहो, आम्ही आहोत!” मी ओरडले. त्यांना ऐकू गेलं नाही, की त्यांनी कानाडोळा केला, देव जाणे. बाहेरून कडी सरकली.

अंधारात कोणीतरी रडायला लागलं. आता चहा नाही, जेवण नाही, आम्हीच नाही.

आणि कोपऱ्यातून आवाज आला. टक. टक.

आमचे सगळ्यांचे हात एकदम वर गेले, एका तालात खाली आले. पुन्हा वर. दिवे लागले.

कडी निघाली. साहेब दारात उभे. त्यांची नजर आमच्यावरून फिरत कोपऱ्यातल्या खुर्चीवर गेली आणि तिथेच अडकली.

“आजी,” ते कसंबसं म्हणाले, “हे कोण बसलेत?”

इतकी वर्षं मास्तर त्याच खुर्चीत बसायचे. साहेबांनी आज पहिल्यांदा विचारलं.